धर्माजीच्या इंजिनाचं नाव

रेवदंडा. रविवार, ८ जुलै १९५६

आजपासून रोजनिशी. नियम चार: रोज लिहायचं. खरं लिहायचं. पहाटे पाचला उठायचं. तपकीर बंद.

आज साडेआठला उठलो. पण नियम उठल्यावर केले, तेव्हा मोडला असं म्हणता येत नाही.

मुंबईची नोकरी सोडून दोन वर्षं झाली. भायखळ्याच्या मोटर कंपनीच्या गोडाऊनमध्ये अकरा वर्षं काढली. स्पेअर पार्टांच्या खोक्यांवरची लेबलं माझ्या अक्षरात जात. हजारो पार्ट हाताखालून गेले. खोकी बंद असत, ही गोष्ट वेगळी. गावात मोटर लाईनीतला माणूस मी एकटाच. गावाला त्याची म्हणावी तशी जाणीव नाही. आमच्या कृष्णाबाईंना तर मुळीच नाही. त्यांना नवरा हवा तो वाडीतल्या सुपाऱ्या वेचायला.

संध्याकाळी मात्र जाणीव झाली. थेरोंड्याचा धर्माजी कोळी आला, सोबत त्याची थोरली बहीण जनी. होडी दोघांची. वल्ही मारणारे चौघे गडी मुंबईच्या गोदीत कामाला लागले. उरले धर्माजी आणि एक म्हातारा चुलता. म्हणून यांनी भंगारवाल्याकडून लष्करी ट्रकचं जुनं इंजिन आणलंय, होडीत बसवायला. त्याच्या हेडचं, म्हणजे वरच्या झाकणाखालचं, पॅकिंग जळलंय. नवं मागवायचं तर इंजिन कोणत्या कंपनीचं, कोणत्या सालचं, ते कळायला हवं. भंगारवाल्याला एवढंच ठाऊक की मिलिटरीचं आहे.

धर्माजी म्हणाला, "रावजीशेट, तुमी मोटारीतले मानूस. यो इंजान कंच्या गारीचा हाय तेवरा वलखून द्या." नारळी पुनवेला होडी दर्यात जायला हवी.

मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम. जनी म्हणाली, "धा दिवस लागूं देत. पन नीट वलखा."

विश्वास बसायला वेळ लागतो काही माणसांना.

सोमवार, ९ जुलै

पाऊस. छत्री घेऊन थेरोंड्याला गेलो. इंजिन जनीच्या अंगणात, नारळाच्या झापांच्या मांडवाखाली, दोन ओंडक्यांवर. तांबूस गंज. रंग ओळखू येत नाही.

दहा पावलांवरून सांगितलं: बेडफर्ड. जवळ जायची गरज पडली नाही. एक्स्पर्ट लांबूनच ओळखतो. जवळ गेल्यावर कपडे खराब होतात.

धर्माजी खूश. जनीनं विचारलं, कशावरून? म्हटलं, ठेवणीवरून. ती म्हणाली, "घोळ हाय का रावस, तां आमी म्हावऱ्याचं तोंड बघून सांगतो. याचं तोंड कंचं?" मी बोटानं दाखवलं. तिकडे इंजिनाची मागची बाजू आहे असं धर्माजीचं म्हणणं पडलं. म्हटलं, बेडफर्डमध्ये तसं असतं.

घरी येऊन मुंबईच्या पार्टवाल्या दुकानाला पत्र टाकलं. बेडफर्डचं हेड पॅकिंग, एक नग. अक्षर सुंदर आलं.

मंगळवार, १० जुलै

साडेसातला उठलो. प्रगती.

गुरुवार, १२ जुलै

पावसाळी हवेत तपकीर एकदम सोडणं धोक्याचं. हळूहळू सोडणार. आज फक्त नऊ वेळा.

मंगळवार, १७ जुलै

दुकानाचं उत्तर आलं. म्हणे बेडफर्डचे ट्रक अनेक प्रकारचे. सिलिंडर किती, साल कोणतं, इंजिन नंबर काय, ते कळवा. अकरा वर्षं लाईनीत काढलेल्या माणसाला हे विचारतात. पण आपण मोठं मन ठेवावं. उद्या मोजतो.

बुधवार, १८ जुलै

मोजले. पाच.

वर प्लग बसवायची भोकं पाच. तीनदा मोजली, दोनदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पाचच. आता पाच सिलिंडरचा ट्रक माझ्या पाहण्यात नाही, म्हणजे कोणाच्याच नसणार. याचा अर्थ एकच. हे लढाईच्या काळातलं गुप्त इंजिन आहे. शत्रूला फसवण्यासाठी एक सिलिंडर कमी केलेला.

अंगावर काटा आला. धर्माजीच्याही आला. त्यानं मांडवाला पुढून गोणपाट बांधलं, कोणी पाहू नये म्हणून.

दुकानाला सविस्तर पत्र लिहिलं. "गुप्त" या शब्दाखाली दोन रेघा.

शनिवार, २१ जुलै

थेरोंड्यात मला आता चहा मिळतो. बसायला पाटही. कोळीवाड्यातली माणसं गोणपाटाआडून डोकावून जातात. त्यांना पाच सिलिंडरची गोष्ट समजावून सांगितली. एका म्हाताऱ्यानं इंजिनाला हात जोडले.

आज जनी अंबाड्यातला आकडा काढून इंजिनाशी काहीतरी खुडबुड करत होती. मी म्हटलं, हात लावू नकोस, नाजूक मशिनरी आहे. तिनं आकडा एका मातीच्या गोळ्यात खुपसला आणि फिरवला. माती पडली, आतून दोन अळ्या पडल्या. खाली भोक. सहावं.

कुंभारीण माशीनं घर केलं होतं.

माणसं हसली. धर्माजीही हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला. मी सर्वांना शांतपणे सांगितलं की सहावं आहेच अशी मला पहिल्यापासून शंका होती. जनी म्हणाली, "मंग सांगायचं नाय का? मला आकरा वाकरा करायला लागला."

पत्र पोस्टातून परत मिळतं का ते सोमवारी विचारणार.

सोमवार, २३ जुलै

मिळत नाही.

गुरुवार, २६ जुलै

बेडफर्डचा विचार सोडला. तो माझा खरा विचार नव्हताच, पहिला अंदाज होता.

आता सायंटिफिक पद्धत. एकेक पार्ट घरी आणून अभ्यास करायचा. आज कार्बुरेटर काढला. काढताना त्यातून स्प्रिंगा, चकत्या वगैरे आपोआप बाहेर आल्या. साफ करायला रॉकेल लागतं आणि रॉकेलला भांडं लागतं. स्वयंपाकघरात एक पितळी पातेलं रिकामं दिसलं.

शुक्रवार, २७ जुलै

रिकामं नव्हतं, भात लावण्यासाठी घासून ठेवलेलं होतं. आज भाताला रॉकेलचा वास. मी म्हटलं, जंतांवर चांगलं. कृष्णाबाई म्हणाल्या, "तुम्ही थेरोंड्यालाच राहायला जा. तिथं मांडव आहेच." नंतर त्या दिवसभर बोलल्या नाहीत. अभ्यासाला शांतता लाभली.

रविवार, २९ जुलै

कार्बुरेटर जोडून परत बसवला. एक स्प्रिंग आणि दोन चकत्या जास्तीच्या निघाल्या. कंपनीनं गरजेपेक्षा जास्त पार्ट घातले होते. म्हणजे कंपनी श्रीमंत. म्हणजे अमेरिकन. सायंटिफिक पद्धतीचा हा फायदा.

एसटीचा ड्रायव्हर सदा मांडवात आला होता. अलिबागहून येणारी शेवटची गाडी त्याची, मुक्काम रेवदंड्यालाच. त्यानं इंजिनाभोवती एक चक्कर मारली, विडी पेटवली आणि म्हणाला, "नाव कशाला पायजे? हेड खोला, जुनं पॅकिंग बाहेर काढा, त्याच मापाचं तांब्याचं कापा. जाड पत्रा तेवढा बघा." जास्तीची स्प्रिंग माझ्या हातातून घेऊन त्यानं ती दोन मिनिटांत जागेवर बसवली. चकत्यासुद्धा.

ड्रायव्हर माणूस. स्टिअरिंगच्या पुढे नजर जात नाही. नावाशिवाय इंजिन म्हणजे नावाशिवाय माणूस. मी हे सर्वांना बजावून सांगितलं. धर्माजीला पटलं. तांब्याचा तेवढा जाड पत्रा कोळीवाड्यात कोणाकडे नव्हताही.

बुधवार, १ ऑगस्ट, सकाळ

युरेका!

इंजिनाच्या बगलेला गंजाखाली कोरीव अक्षरं आहेत. आज नारळाच्या काथ्यानं घासताना हाताला लागली. त्यावर कागद धरून कोळसा फिरवला. इंग्रजी तीन अक्षरं स्वच्छ उमटली. ओ. आय. एल.

घरी धावत आलो. वाटेत चप्पल तुटली.

दुपार

ओ. आय. एल. हे कंपनीचं नाव. पूर्ण नाव अर्थातच ओव्हरसीज इम्पीरिअल लॉरी. दुसरं काही संभवतच नाही. ओव्हरसीज, कारण समुद्रापलीकडून आलं. इम्पीरिअल, कारण तेव्हा राज्य इंग्रजांचं. लॉरी, कारण लॉरी. अमेरिकन नव्हे, इंग्लिश. अमेरिकन मी मुद्दाम म्हटलं होतं, सदाला चकवण्यासाठी.

रात्री जेवताना कृष्णाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता ते पॅकिंग मिळेल ना?" बायकांना शोधाचा आनंद नसतो, एकदम पॅकिंग.

गुरुवार, २ ऑगस्ट

दुकानाला पत्र. ओव्हरसीज इम्पीरिअल लॉरी, सहा सिलिंडर, सन १९४१. साल माझं स्वतःचं. लढाई एकोणचाळीसला सुरू झाली, अधिक दोन.

गुरुवार, ९ ऑगस्ट

उत्तराची वाट. वेळ फुकट घालवायचा नाही म्हणून नामा तांबटाकडे गेलो. इंजिनावर ठोकायला नावाची पाटी करवून घेतोय. मजकूर मोठा, म्हणून पाटी मोठी लागणार, हात-सव्वा हात. ओव्हरसीज इम्पीरिअल लॉरी, सन १९४१, थेरोंडे मुक्कामी शोध लावणारे श्री. रावजी, मोटर लाईन. तांब्यासाठी माळ्यावरचं घंगाळ नेलं. त्याचं बूड गळकं आहे, कोणी वापरत नाही. नामा म्हणाला, हल्ली असं जाड तांबं बघायला मिळत नाही.

कृष्णाबाईंच्या माहेरचं आहे. योग्य वेळी सांगेन.

सोमवार, १३ ऑगस्ट

उत्तर आलं. शब्दशः उतरवतो, कारण खरं लिहायचं हा नियम.

"ओ. आय. एल. म्हणजे ऑइल. त्या जागी तेल ओततात. कृपा करून इंजिन एखाद्या मेकॅनिकला दाखवावे. यापुढे पत्र पाठवू नये."

तीनदा वाचलं. दुकानदाराचा इतिहासाचा अभ्यास कमी पडला असावा. पण ओव्हरसीज... नाही. ऑइल.

संध्याकाळी धर्माजी विचारायला आला. मी सांगितलं, मुंबईत तपास चालू आहे.

मंगळवार, १४ ऑगस्ट

पुनवेला सात दिवस. थेरोंड्यात सगळ्या होड्यांना तेल लावून झालं. दोर, जाळी, सगळं अंगणात पसरलंय. धर्माजीची होडी तशीच झापांखाली.

धर्माजी घरी नव्हता. जनी जाळं विणत होती. चहा दिला. मग हातातलं काम खाली ठेवून म्हणाली, "रावजीभाव, तुमाला ठावं नसंल तर नसंल म्हना. आमी रागावनार नाय. दुसरीकडं इचारू. पन नसलेलं हाय म्हनू नका. माज्याकडं आता मोराया काय उरलं नाय." तिच्या गळ्यात काळा दोरा होता. इंजिन आणायला पुतळ्यांची माळ मोडली, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, उद्या सांगतो.

घरी आल्यावर कणकण वाटली. ताप नव्हता. मोटर लाईनीतलं काही आठवेना. अकरा वर्षांत एक खोकं तरी उघडून पाहायला हवं होतं.

बुधवार, १५ ऑगस्ट

ठरवलं होतं की झेंडावंदनानंतर धर्माजीला खरं सांगायचं. वाक्यही पाठ केलं: "धर्माजी, मला हे इंजिन ओळखता येत नाही." सोपं वाक्य आहे.

झेंडावंदन झालं. धर्माजीनं मला हाताला धरून चार माणसांपुढे नेलं आणि म्हणाला, "ये आमचे रावजीशेट, इंजानवाले." चौघांनी नमस्कार केला. वाक्य राहिलं. उद्या नक्की.

गुरुवार, १६ ऑगस्ट

आधी पाटी थांबवावी म्हणून नामा तांबटाकडे गेलो. दुकानात आधीच जनी, धर्माजी आणि सदा ड्रायव्हर. माझं घंगाळ उकलून, ठोकून सपाट केलेलं. शेजारी इंजिनाचं जळकं पॅकिंग. सकाळीच सदानं हेड खोलून ते काढलं होतं. नामानं त्यांना कळवलं होतं, की जाड तांबं आलंय, रावजीशेटचं आहे, ते हो म्हणाले तर कापतो.

जनीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "या पत्र्यावर तुमचं नाव बी मावंल, आमचं पॅकिंग बी मावंल. दोनी नाय मावनार. कंचं करायचं?"

मी म्हटलं, "कापा."

का म्हटलं ते सांगता येत नाही. मग ते वाक्यही म्हटलं, पाठ केलेलं. कोणी दचकलं नाही. सदानं विडी पुढे केली. जनी म्हणाली, "ठावं हाय. कुंभारनीचं घर फोरलं तवाच ठावं झालं." धर्माजी एकटा जरा उदास झाला, पण नामानं कात्री घातल्यावर तोही वाकून बघू लागला.

कापलेला पत्रा लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला. तांबं त्यानं मऊ होतं. हे मला माहीत होतं. म्हणजे आज झालं.

एकंदरीत पाहता पॅकिंगचा प्रश्न मीच सोडवला. घंगाळ कोणाचं?

शुक्रवार, १७ ऑगस्ट

घंगाळ कोणाचं, हे कृष्णाबाईंनी आज सविस्तर सांगितलं. सकाळी नऊ ते बारा. मधे जनी आली म्हणून थांबल्या. जनीनं सांगितलं, घंगाळाच्या बदल्यात वहिनीला हंगामभर म्हावरं पोचवू. कृष्णाबाई म्हणाल्या, "चालेल. ह्यांना पण ठेवून घेतलंत तरी चालेल."

शनिवार, १८ ऑगस्ट

सदानं इंजिन होडीत बसवलं. मी सुपरव्हिजन केलं, नारळाच्या झाडामागून. आवाजाची परीक्षा लांबून नीट होते.

पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी शिंक. तिसऱ्या वेळी इतका धूर की मांडव दिसेना, कोंबड्या छपरावर. मग आवाज. असा आवाज रेवदंड्यानं ऐकला नसेल. पण जागचं हलेल तर शपथ, होडीखालचा पंखा फिरेना. जनीनं वल्ह्यानं बगलेत दोन रट्टे घातले. फिरला.

धर्माजीनं मला मिठी मारली. माझा सदरा काळा झाला. काढून ठेवलाय. धुवायचा नाही.

मंगळवार, २१ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

होडीला झेंडूच्या माळा, इंजिनाला हळदकुंकू. समुद्राला नारळ दिले. मला होडीत चढवलं, मानाचा माणूस म्हणून. मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो. मोटर लाईन, विज्ञान, स्वतंत्र भारत आणि पाच सिलिंडरचा संभव, एवढे मुद्दे होते. दुसऱ्या मुद्द्यावर धर्माजीनं इंजिन सुरू केलं.

किनाऱ्यावरून माणसं ओरडून विचारत होती, "धर्माजी, कंच्या कंपनीचा?" धर्माजी ओरडून सांगत होता, "रावजीशेटना इचारा!" धुरात आणि आवाजात लोकांना किती ऐकू गेलं देव जाणे.

खाडीच्या तोंडापर्यंत माझी तब्येत उत्तम होती. त्यापुढचं लिहीत नाही. समुद्राला नारळाखेरीज माझ्याकडून न्याहारीही मिळाली. धर्माजीनं होडी वळवून मला वाळूवर उतरवलं आणि पुन्हा आत गेला. वल्ह्यांच्या होड्या मागे पडल्या. लांबवर धुराची रेघ दिसत होती. बराच वेळ बघत बसलो.

बुधवार, २२ ऑगस्ट

विश्रांती. सायंकाळी घरी दोन सुरमया पोचल्या.

रविवार, २६ ऑगस्ट

सकाळी रेवदंड्याच्या बाजारात गेलो. कोळणींच्या रांगेत जनी बसली होती, तिला मी दिसलो नव्हतो. शेजारणीला सांगत होती, "रावजीचं काय इचारतंस! धूर लय, आवाज लय, पन हलायचं नाव नाय. दोन रट्टे घातले का मंग चालतो गुमान. काल आंबोळीच्या तव्यासारखा तापला. वर घमेलाभर पानी वतलं."

मी घाबरलो. काल मी घराबाहेरसुद्धा पडलो नव्हतो.

मग शेजारच्या होडीचा तांडेल येऊन तिला म्हणाला, "तुमचा रावजी दुपारला सुरू होनार का? आमची होरी वढायची हाय." तेव्हा उलगडा झाला. पुनवेच्या दिवशी लोकांनी कंपनीचं नाव रावजी असं ऐकलं. तेच पडलं. आता थेरोंड्यापासून चौलापर्यंत इंजिनाला सगळे रावजीच म्हणतात.

सात आठवडे जे नाव शोधत होतो, ते शेवटी मिळालं. एवढा मान माझ्या कंपनीच्या मालकालाही मिळाला नाही. ताठ मानेनं घरी आलो. कृष्णाबाई ओट्यावर बोंबील साफ करत होत्या, सकाळीच आलेले, परडीभर. त्यांना सगळं सांगितलं. धूर, आवाज, रट्टे यासकट, कारण नियम. त्या इतक्या हसल्या की विळी बाजूला ठेवावी लागली.

मी विचारलं, आता पंचक्रोशीत रावजी दोन झाले; खरं सांगा, दोघांत बरा कोण?

त्या म्हणाल्या, "तो निदान मासे तरी पाठवतो."

जेवल्यावर वाडीत जाऊन सुपाऱ्या वेचल्या. दोन टोपल्या भरल्या.